नवरदेव वेळेवर आला

पांढुर्ण्यात नवरदेव वेळेवर आला, असं तुम्ही कधी ऐकलं काय? मी तर बाप्पा कधीच नाई. पत्रिकेत अकरा छापलं असलं का पाहुणे घरून एकले निघते, वरात दोनले मांडवात येते, अन् तोवर पोरीकडचे लोक खुर्चीत बसल्या बसल्या जांभया देत राहते. याचा कोणाले राग येत नाई. उलट कोणी खरंच अकराले पोचलं तर त्यालेच विचारते, काहो, घरी भांडण झालं काय? माहं स्वतःचं लगन सकाळचं ठरलं होतं अन् लागलं दिवे लागायच्या वक्ताले. त्याच्यातही माह्या नवऱ्याचे, आशिषचे मामा म्हणे, आज लवकर आटपलं!

म्हणून हे जे मी सांगून राहिली, ते नीट ऐका. मी मंगला. सांगायचं आहे ते माह्या सासूचं, गुलाबबाईचं.

सासू सत्तरीच्या पुढं गेली आता. अंगानं काटकी, पण आवाज असा का बसस्टँडवर ‘सौंसर, सौंसर’ ओरडणाऱ्या कंडक्टरनं तिच्यासमोर गप्प बसावं. सारी उमर तिनं संत्र्याच्या मंडीत छाटणी केली. ढिगासमोर बसायचं, मोठं फळ इकडं, मधलं तिकडं, डागी टोपल्यात. हात चालत अन् हातापेक्षा तोंड जोरात चाले. अन् तोंडाले विषय एकच. तो येणार आहे.

तो म्हणजे येशू. आम्ही ख्रिस्ती. पांढुर्णा अन् सौंसर मिळून आमची दहा-बारा घरं, रविवारी प्रार्थना आमच्याच पुढच्या खोलीत होते, पास्टर सौंसरहून मोटरसायकलनं येते. आमच्या मंडळीत येशू परत येणार हे सारेच मानते, मीही मानतो. पण मानणं वेगळं अन् गुलाबबाईचं वेगळं. ती त्याची अशी वाट पाहते जशी पोट्टी दिवाळीले माहेरच्या गाडीची पाहते. सकाळी उठली का पहिले आंगणात जाऊन आभाळाकडे पाहीन. आज का? नाई तर मंग चहा ठेवीन.

आजकाल मोबाइलवर काय काय येऊन राहिलं तुम्हालेही माहीत आहे. इथं लढाई, तिथं भूकंप, जगबुडी आली, पळा! आमच्या मंडळीतल्या बाया ते पाहून रात्री पाणी पीत नाई इतक्या घाबरते. सासू त्यायच्यावर खेकसते, “घाबरता कायले व? त्यानं लगन म्हटलं आहे. नवरदेव येणार म्हटलं आहे. नवरदेव येते म्हणून कोणी रडते काय?” अन् मंग हात हालवून हालवून ती दहा पोरींची गोष्ट सांगते, येशूनं सांगितलेली. दिवे घेऊन दहा करवल्या नवरदेवाची वाट पाहत बसल्या, पाच शहाण्या, पाच येड्या, शहाण्यायजवळ जास्तीचं तेल, येड्यायजवळ नाई, हाक आली तेव्हा त्यायचे दिवे विझत आले अन् त्या दाराबाहेरच राहिल्या. ती गोष्ट ऐकून ऐकून आमच्या घरातली कोंबडीही आता पुढचं सांगू शकीन.

एक गंमत सांगतो. आमच्या गल्लीत नत्थूजी बँडवाले राहते. त्यायच्याकडे एका साली नवा कर्णा वाजवणारा आला अन् त्यानं पहिल्याच दिवशी उजाडता उजाडता रियाज सुरू केला. झालं! बायबलात लिहिलं आहे, येशू येईन तेव्हा कर्णा वाजीन, म्हणून माही सासू न्हाणीतून ओल्या केसानं धावत रस्त्यावर. “उठा व, उठा! कर्णा वाजला! आला!” मी हातात कणीक घेऊन मागं, आशिष चड्डीवर, माही पोट्टी केतकी तेव्हा लहान होती, ती रडत रडत. अर्धी गल्ली बाहेर. तो बिचारा वाजवणारा कर्णा तोंडातच धरून उभा. गल्लीनं सालभर हसून घेतलं आमच्यावर. मी लाजेनं पाण्याले जात नव्हती. पण सासू? सासू म्हणे, “उठली तर होती ना मी सगळ्यायच्या आधी? मंग झालं.”

हसायचं हसा. पण ह्या उठण्याच्या मागं काय आहे, ते मले लगनानंतर बऱ्याच दिवसानं कळलं. माहे मामाजी, म्हणजे सासरे, मोतीराम, रेल्वेत गँगमध्ये होते. त्यायले मी पाहिलंच नाई. त्यायले नागपुरात दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा सासू रात्रंदिवस त्यायच्या खाटेशी बसून होती. डोळ्याले डोळा नाई. अन् एका पहाटे तिचा डोळा लागला. बसल्या बसल्या, खाटेच्या पट्टीवर डोकं टेकून. उठली तर मामाजी गेलेले. बाजूच्या खाटेवरच्या पेशंटची बायको तिले म्हणे, “बाई, त्यायनं तुमचं नाव घेतलं हो. दोनदा घेतलं. तुम्ही उठल्याच नाई.”

त्या बाईनं कायले सांगितलं असीन असं? मी असती तर मेली तरी सांगितलं नसतं.

तेव्हापासून सासूले झोपेचीच भीती. मरायची नाई, आजाराची नाई, एकच, का तो येईन अन् मी झोपलेली राहीन. मले एकदा संत्रं सोलता सोलता म्हणाली, “मंगला, एकदा हाक आली अन् मी उठली नाई. दुसऱ्या खेपी झोपेत सापडली तर तोंड कसं दाखवू व?” म्हणजे बाहेरून सारा आनंद, लगन, नवरदेव, अन् आतून हा काटा. त्या दिवशी मले तिची इतकी दया आली का मी तिच्यासाठी भजे तळले. दुसऱ्या दिवशी आमचं पुन्हा भांडण झालं ते जाऊ द्या.

तर आता केतकीचं लगन.

केतकी माही एकुलती एक पोट्टी. आमल्याचा भूपेंद्र तिले पाहायले आला, तिथल्या मंडळीतलाच, रेल्वेत नोकरी, बोलणं कमी अन् हसणं जास्त. केतकीले पसंत पडला. त्याचा बाप गुणवंताजी, म्हणजे आमचे इवाई, मोठा शांत माणूस. तब्येत बरी नसते एवढं माहीत होतं, काय नसते ते त्यायनं कधी बोलून दाखवलं नाई. लगन फेब्रुवारीतलं धरलं. आंबिया बहाराचे दिवस, सौंसरच्या रोडनं गेलं का संत्र्याच्या फुलांच्या वासानं डोकं भरून जाते, असे दिवस. मांडव आमच्याच दारात. पत्रिकेत वेळ सकाळी अकरा, म्हणजे आमच्या हिशोबानं दोन.

सासूनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “मांडवाच्या दारात दिवा घेऊन मी उभी राहीन. नवरदेवाले पहिले मीच घेईन.” मी म्हटलं, आत्याबाई, आपल्यात हे कुठं असते? करवली कोणी लहान पोट्टी असते, तुम्ही आजी आहा! तर म्हणे, “गोष्टीत कोणाचं वय लिहिलं आहे काय?” काय बोलणार? नातीच्या लगनात तिले एकदा तरी जागेपणी, दिवा हातात घेऊन, दारात उभं राहायचं होतं. मले समजत होतं ते. म्हणून मी हो म्हटलं.

अन् आदल्या दिवशी संध्याकाळी इवायांचा फोन आला आशिषले. आशिषनं जेवताना सांगितलं अन् स्वतःच हसायले लागला. “इवाई म्हणते, आम्ही उद्या सकाळी आठले पोचतो, लगन लवकर लावून टाकू.”

सारे हसलो. कोण म्हणत नाई असं? माह्या वेळी आशिषच्या बापाकडच्यायनंही सात सांगितलं होतं! वरातवाले आठ म्हणते ते बोलायची रीत म्हणून, जसं आपण कोणाच्या घरून निघताना म्हणतो, येतो पुन्हा. आशिषनं फोनवर म्हटलंही होतं, “हो जी, या जी, आठले या,” अन् मनात एकचा हिशोब लावला होता. पार्लरवाल्या पल्लवीले मी दहाचं सांगितलं होतं, ते तसंच ठेवलं. पास्टरले कोणी कळवलंसुद्धा नाई.

एकटी सासू हसली नाई. “त्यानं आठ म्हटलं ना?”

“म्हटलं व माय,” आशिष म्हणे, “पण म्हणायचं म्हणून म्हटलं.”

“म्हटलं तर येईन. आठ म्हणजे आठ. मंगला, साठ लोकाचा पोहा लागीन सकाळी.”

माहं डोकं फिरलं. दिवसभर हळद, पाहुणे, गॅसचा सिलिंडर, अन् आता हे! मी म्हटलं, “आत्याबाई, तुमचा देवाचा हिशोब देवापाशी ठेवा. हे आमल्याचे लोक आहे. उद्या आठले कुत्रंही येत नाई मांडवात. पोहा भिजून चिखल होईन, अन् मी काही त्याले हात लावणार नाई. करा तुमचं तुम्ही.” अन् जाऊन झोपली.

सकाळी सातले डोळे उघडले. उशीर नव्हता झाला, लगनाच्या घरच्या मानानं सात म्हणजे पहाटच. नत्थूजीच्या घरून आलेला चहा मी आरामात घेतला. केतकी डोक्याले चपचप तेल लावून, टॉवेल गुंडाळून बसली होती, हाताची मेंदी खरवडून राहिली होती. आशिष दाढीचं साबण लावून आरशासमोर. मी मागच्या आंगणात कपडे पिळत होती. अन् गल्लीच्या तोंडाशी गाड्या वाजल्या. एक, दोन, तीन. मले वाटलं कोणाची बोअरवेलची मशीन आली.

नत्थूजीची बायको धावत आली. “अवो मंगलाबाई! नवरदेव!”

“कोणाचा?”

“तुमचा व! तुमचा!”

माह्या हातातून पिळलेला पेटीकोट खाली पडला. समोर गेली अन् पाहतो तर काय, स्टेशनवरून तीन गाड्या करून सारी वरात उभी! भूपेंद्र कोट घालून, बूट चमकत, त्याची माय, माही विहीणबाई, हिरव्या शालूत, मागं तीस-चाळीस माणूस, अन् घड्याळात बरोबर आठ. पांढुर्ण्याच्या इतिहासात पहिल्यांदा! अन् माह्या अंगावर ओला गाऊन, आशिषच्या अर्ध्या गालावर फेस.

अन् मांडवाच्या दारात काय? दारात खुर्ची टाकून माही सासू बसलेली. पांढरं नवं लुगडं, केस विंचरलेले, मांडीवर दिवा, दिव्यात काठोकाठ तेल, बाजूले काडीपेटी. अन् मान एका बाजूले पडलेली, तोंड उघडं, घोर झोप. घोरून राहिली होती बिचारी.

मले हसू यावं का रडू, काही कळलं नाई. मी “आत्याबाई” म्हणून पुढं झाली, तर गुणवंताजीनं हात आडवा केला. ते हळूहळू चालत आले होते, चेहरा सुजलेला, काठी टेकत. म्हणे, “झोपू द्या त्यायले. जय मसीह की, विहीणबाई. तुम्ही आपलं आटपा.” अन् स्वतः बाजूची खुर्ची ओढून सासूच्या शेजारी बसले, जशी काही राखण करायले.

मंग विहीणबाईनं मले बाजूले घेतलं अन् खरं सांगितलं. इवायांच्या किडन्या गेल्या. नागपुरात हप्त्यातून तीनदा मशीनवर रक्त धुवायले जावं लागते. त्यायचा नंबर उद्याचा होता, दवाखान्यानं काल फोन करून आज दुपारी बोलावलं. म्हणून सारी वरात पहाटेच्या गाडीत टाकून आणली. साडेदहाच्या गाडीनं इवायांले नागपूरले निघायचं होतं. “त्याच्या आत लगन लागलं तर ते डोळ्यानं पाहतीन. नाई तर...” तिनं इवायांकडे पाहिलं. “त्यायनं फोनवर आजार सांगू देल्ला नाई. म्हणे, पोरीकडच्यायले उगाच घोर. मी आठ म्हटलं, ते ऐकतीनच.”

ऐकतीनच! आम्ही ऐकलं अन् हसलो होतो.

आता काय विचारता! जे सुटलो आम्ही! आशिषनं तसाच फेसाच्या तोंडानं सौंसरले पास्टरले फोन लावला. पास्टर म्हणे, मी आता उठून राहिलो, अन् मागून त्यायची बायको ओरडली, मी कोटाले इस्त्री करून देतो, तुम्ही आंघोळीले जाऊ नका! पल्लवीले बोलवायले नत्थूजीचा भाचा सायकलवर. मी स्वयंपाकघरात गेली, साठ लोकाचा चहा कुठून करू म्हणून कपाळ धरून, अन् तिथंच उभी राहिली. मोठं गंज-पातेलं झाकून ठेवलेलं. झाकण काढलं तर चहा तयार, आलं घातलेला, गरम. परातीत पोहा भिजवून मोकळा केलेला, कांदा चिरलेला, मिरच्या वेगळ्या, शेंगदाणे भाजून, पोह्यावर ओतायची झणझणीत तर्रीही तयार. शेगडीवर कढई. फक्त फोडणी द्यायची होती. पलीकडे केतकीची पांढरी साडी इस्त्री करून दोरीवर, पदराले टाचण्यासुद्धा लावलेल्या. मी भांडून झोपली होती ना? ही म्हातारी तेवढ्या वेळात एकटीनं हे सारं करून मंग दारात जाऊन बसली होती. मले रडू फुटलं. फोडणीत पडलं ते पाणी कांद्याचं म्हणून खपलं.

पाहुण्यायले पोहा गेला, तर्री गेली, चहा गेला. विहीणबाई म्हणे, कमाल आहे, तुम्ही तर सारं तयार ठेवलं! मी खोटं नाई बोलली. म्हटलं, मी नाई, माह्या सासूनं. आम्ही तर येडे.

आतमध्ये केतकीच्या डोक्याचं तेल तीन शाम्पूनंही निघेना. पल्लवी आली ती अंगावरच्या नाइटीवर ओढणी घेऊन, पण हात विजेसारखे. आमचे पाहुणे तर कोणी येणारच नव्हते एकच्या आत, म्हणून गल्लीले बोलावलं. तोंडात ब्रश असलेले आले, पोरायले शाळेच्या ड्रेसात घेऊन आले, नत्थूजी बनियनवर बँडचा कोट घालून आले. मांडव भरला! सारे घड्याळ पाहून राहिले होते अन् रोडकडे पाहून राहिले होते. पास्टर कुठवर? बोरगाव सोडलं म्हणते. आता? अजून नाई.

अन् तेवढ्यात फटफट करत पास्टर आले, कोटावर धूळ, केसात धूळ, अन् त्या आवाजानं सासू जागी झाली.

पहिले तिनं मांडीवरचा दिवा सावरला. मंग समोर पाहिलं. भूपेंद्र मांडवात बसलेला. मंग बाजूले पाहिलं, तर इवाई, हातात चहाचा रिकामा कप.

“कधी आले?”

“आठले, बाई,” गुणवंताजी म्हणे.

सासू उठली, दिवा खुर्चीवर ठेवला, सरळ स्वयंपाकघरात गेली अन् आतून कडी लावली.

मी दारावर धक्के मारले. “आत्याबाई! चला व! वेळ नाई आपल्याजवळ! दिवा कोण धरीन?”

“मी नाई धरत.” आतून आवाज आला तो तिचा वाटतच नव्हता. “तो आला अन् मी झोपली होती, मंगला. तेव्हाही झोपली, आताही झोपली. माह्या हातानं नको. कोणी जागी असणारी पाहा.”

आशिष ओरडला. पास्टर दोन शब्द बोलले. काही नाई. तिकडून केतकी बाहेर आली, नटून, पांढऱ्या साडीत, माही पोट्टी काय सुंदर दिसत होती! अन् ती खाली बसली! म्हणे, “आजी बाहेर आल्याशिवाय मी मांडवात जात नाई.” घ्या! जशी आजी तशी नात. घड्याळात पावणेदहा वाजून गेले होते. मी दारापाशी उभी राहून मोठ्यानं रडायले लागली, माहं बीपी असतंच.

गुणवंताजी उठले. विहीणबाई म्हणत होती, बसा हो, चालू नका. ते काठी टेकत दारापाशी आले अन् मले विचारलं, काय झालं आहे त्यायले? मी घाईघाईत सारं सांगून टाकलं. मामाजी, दवाखाना, ती पहाट, त्या दोन हाका. लपवून काय करणार होती?

ते दाराच्या चौकटीले टेकून उभे राहिले. “बाई,” म्हणे, “त्या दहाही झोपल्या होत्या. शहाण्या पाच, त्याही. नवरदेवानं त्यायले झोपेचं एका शब्दानं विचारलं नाई.”

आतून लगेच, “त्या हाक आल्यावर उठल्या. मी उठली नाई.”

गुणवंताजीनं काठी दुसऱ्या हातात घेतली. मले वाटलं संपलं. मंग ते बोलले, हळू, पण सारा मांडव ऐकून राहिला होता. “बाई, मले मशीनवर टाकते तेव्हा चार-चार घंटे पडून राहावं लागते. माही बायको बाजूले स्टुलावर बसते. पहिला घंटा बोलते, मंग मान टाकते. घरचं सारं करून आलेली असते, झोपीन नाई तर काय करीन? मी तिच्याकडे पाहत राहतो. अन् कधी कधी तिचं नाव घेतो. तिनं उठावं म्हणून नाई घेत, बाई. ती तिथं आहे म्हणून घेतो. नाव घेतलं का मले बरं वाटते. उठलीच तर उलट वाईट वाटते, का तिची झोप मोडली.”

विहीणबाईनं पदर तोंडाले लावला. “हे मले कधी नाई सांगितलं तुम्ही,” म्हणे.

मंग सासूचा आवाज. “खरं सांगता काय?”

“खोटं बोलून मले काय भेटीन? साडेदहाची गाडी चुकीन!”

कडी निघाली. सासू बाहेर आली. डोळे लाल, नाक लाल, पण चेहरा... मी तिची सून एवढी सालं, मी तिचा तो चेहरा कधी पाहिला नव्हता. लहान पोरीसारखा. तिनं दिवा उचलला, मीच काडी ओढली. अन् तिनं भूपेंद्रले मांडवातून उठवून पुन्हा दारात नेलं, “चल बाबू, नीट ये आता, मी पाहून राहिली!” सारा मांडव हसला. भूपेंद्र माह्या सासूसमोर वाकून पुन्हा आत आला. नत्थूजीनं बँड वाजवला. पास्टरनं लगन असं लावलं का मले वाटते त्यायनं मधात श्वासही घेतला नाई. केतकीनं “हो” म्हटलं, भूपेंद्रनं “हो” म्हटलं, अन् गुणवंताजी पुढच्या खुर्चीत बसून दोन्ही डोळ्यानं पाहत होते, गालावर पाणी, पुसायचंही भान नाई. प्रार्थनेले सारे उभे राहिले, ब्रशवाले, शाळेचे पोट्टे, सारे.

आशिषनं इवायांले अन् विहीणबाईले स्टेशनवर पोचवलं. गाडी भेटली. मशीनचा नंबर चुकला नाई.

अन् एक वाजता आमचे पाहुणे यायले लागले! नटून, अहेर घेऊन, अन् विचारते, “वरात कुठवर आली?” मी म्हटलं, वरातीतले मोठे तर नागपूरले पोचलेही असतीन, बसा, जेवा! कोणी मानतच नव्हतं. मंडीतली सासूची जुनी सोबतीण केसरबाई, जीभ मोठी तिखट, तिले गल्लीतून सारं कळलं होतं. वांग्याची भाजी खात खात भर पंगतीत म्हणे, “काय व गुलाब, साऱ्या जगाले जागं राहा सांगते, अन् नवरदेव आला तवा तूच घोरून राहिली होती म्हणे! मंग तुहा तो मोठा नवरदेव आला तवा कसं करशीन?”

माहा तर पारा चढला, मी हातातलं वरणाचं भांडं ठेवलं अन् तिले सुनवणारच होती.

सासूच हसली. “येऊ दे ना! आज येऊ दे, आत्ता येऊ दे! जागी असली तर धावत जाईन. अन् झोपली असली तर तो माहं नाव घेईन, केसर, अन् त्यालेच बरं वाटीन.”

अन् बुंदीचं टोपलं उचलून ती पंगतीत वाढायले निघाली.